पेट-सीटी आणि स्तनाचा एमआरआय वेगवेगळे करण्याऐवजी एकदाच पेट-एमआरआय केला तर चालेल का?

तुमच्या आत्याच्या उजव्या स्तनात साडेपाच सेंटिमीटरची गाठ आहे, बायोप्सीत कॅन्सर निघालाय, काखेतही गाठ हाताला लागते आणि डॉक्टर ऑपरेशनच्या आधी केमो देणार आहेत. त्यापूर्वी दोन्ही तपासण्या सांगितल्यात. हे सगळं लिहिलंत ते बरं झालं, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. पेशंटला इंजेक्शन देणं, मशीनवर नीट झोपवणं, स्कॅन घेणं हे माझं रोजचं काम. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर असं: चालू शकतं, मात्र त्यात स्तनाचा पूर्ण एमआरआय होणार आहे का, हे आधी विचारून घ्या. आणि दोन्ही तपासण्या एकत्र करणारं पेट-एमआरआयचं मशीन तुमच्या शहरात नसेल, तर त्याच्यामागे धावून केमो लांबवू नका. दोन वेगळ्या तपासण्या डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर तुमच्या आत्यासाठी जवळपास सगळी माहिती मिळते.

एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं (हे काँट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळून दिसणारं औषध) इंजेक्शन देऊन स्तनाची चित्रं काही मिनिटांत पुन्हा पुन्हा घेतात. कॅन्सरच्या गाठीत नव्याने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे औषध तिथे झपाट्याने शिरतं आणि बऱ्याचदा झपाट्याने बाहेरही पडतं. गाठ कुठपर्यंत पसरली आहे, त्वचेला किंवा छातीच्या स्नायूला चिकटली आहे का, दुसऱ्या स्तनात काही आहे का, हे यात फार छान दिसतं. अडचण अशी की साध्या, निरुपद्रवी गाठीही कधी कधी उजळतात आणि मग आणखी एक बायोप्सी मागे लागते.

पेटमध्ये एफडीजी देतात, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. बहुतेक कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात. ही साखर आत जाते, पण पुढे पचत नाही, तिथेच अडकते आणि मशीनला दिसते. फ्लोरिनची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणून नेमून दिलेली वेळ चुकवायची नाही. पेटचं खरं बळ एकाच वेळी सगळं शरीर बघण्यात आहे: हाडं, यकृत, छातीच्या मधल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड). स्तनातल्याच एक सेंटिमीटरहून लहान गाठी, लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचा कॅन्सर किंवा सावकाश वाढणाऱ्या गाठी मात्र यात फिक्या दिसतात, कधी दिसतही नाहीत. उलट साधी सूज किंवा जंतुसंसर्गही चमकतो.

म्हणजे एक तपासणी जिथे कच्ची, तिथे दुसरी पक्की. मग दोन्हींची चित्रं संगणकावर एकमेकांवर ठेवली की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात इथेच गाडी अडते. पेट-सीटी, म्हणजे पेटला क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनची जोड, उताणं झोपवून होतो. स्तनाचा एमआरआय पालथं झोपवून, खास कॉइलच्या (एमआरआयचे संकेत टिपणाऱ्या साच्याच्या) दोन पोकळ्यांत स्तन मोकळे सोडून होतो. उताणं झोपल्यावर स्तन पसरतो, पालथं झोपल्यावर खाली लोंबतो, आणि गाठीची जागा काही सेंटिमीटरनेही सरकते. अशी चित्रं नुसत्या सॉफ्टवेअरने जुळवायला गेलं तर नीट जुळत नाहीत. एकत्रित मशीनचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच: पेशंट त्याच स्थितीत, त्याच वेळी, दोन्ही मोजमापं.

असं मशीन बनवणं सोपं नव्हतं. पेटचे जुने प्रकाश मोजणारे नळे एमआरआयच्या चुंबकाजवळ चालतच नाहीत. त्यांच्या जागी अर्धवाहकांचे डिटेक्टर आणावे लागले. सीमेन्सच्या बायोग्राफ एमएमआर या मशीनला अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे अशी मशीन अजून मोजकीच आहेत.

पण मशीन असलं म्हणजे काम झालं असं नाही. पेट-एमआरआयच्या नावाखाली पेशंटला उताणं झोपवून सगळ्या शरीराचा भरभर एमआरआयही होऊ शकतो. त्यात स्तनाची कॉइलही नसते आणि गॅडोलिनियमची पुन्हा पुन्हा घेतलेली चित्रंही नसतात. तसं असेल तर तुमच्या डॉक्टरांना हवा असलेला स्तनाचा एमआरआय झालाच नाही. फोनवर नेमकं हे विचारा: "पालथं झोपवून, ब्रेस्ट कॉइल लावून, काँट्रास्टसह करणार का?"

मेंदू, यकृत आणि हाडातल्या मज्जेसाठी एमआरआयची जोड सीटीपेक्षा चांगली. मेंदू स्वतःच भरपूर ग्लुकोज ओढतो, त्यामुळे तिथली लहान गाठ एफडीजीच्या चित्रात लपून जाते. फुप्फुसातल्या बारीक गाठींना मात्र सीटीच लागतो, त्यामुळे पेट-एमआरआय केल्यावर छातीचा सीटी वेगळा करावा लागू शकतो. सीटी टळला तर किरणांचा डोस कमी होतो. तरुण पेशंटला पुढे वारंवार स्कॅन लागणार असतील तर याला फार महत्त्व आहे. आत्याच्या बाबतीत मी केवळ त्यासाठी हट्ट धरणार नाही.

काखेबद्दल गैरसमज नको. पेट आणि एमआरआय दोन्ही स्वच्छ आले तरी लसिकाग्रंथीत कॅन्सरचे बारीक कण असू शकतात. तिथे सुईने किंवा ऑपरेशनमध्ये नमुना घेऊनच खात्री होते.

केमो चालू झाल्यावर ही जोडी खरी कामाला येते. औषध लागू पडत असेल तर गाठीचं ग्लुकोज ओढणं आधी कमी होतं, आकार मागाहून घटतो. पण गाठ सगळ्या बाजूंनी आक्रसतेय की विखुरलेले तुकडे मागे ठेवून विरळ होतेय, हे एमआरआयमध्येच नीट कळतं, आणि स्तन वाचवता येईल का हे त्यावर ठरतं. म्हणून केमोच्या आधी गाठीत खुणेची बारीक धातूची क्लिप बसवणार का, हेही सर्जनना विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर जागा शोधायला तीच उपयोगी पडते.

एफडीजीचं इंजेक्शन आत्याच्या डाव्या हातात द्यायला सांगा. उजव्या हातात देताना औषध शिरेबाहेर सांडलं तर उजव्या काखेतल्या ग्रंथी उगाच चमकू शकतात. नुकतीच लस घेतली असेल तर कोणत्या हातावर, तेही सांगा. त्यानेही तसंच होतं. चार ते सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक केंद्राकडून आधीच घ्या, कारण रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलावा लागू शकतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. पेसमेकर, कानात बसवलेलं इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप यांपैकी काहीही असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही, कारण चुंबकाच्या बोगद्यात तासभर लागू शकतो.

आणि स्कॅन कुठेही करा, सीडी जपून ठेवा. केमोनंतरचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच मशीनवर करा. मशीन बदललं की एसयूव्हीचे, म्हणजे गाठीने किती साखर ओढली त्या मापाचे, आकडेही बदलतात, मग गाठ खरंच शांत झाली की नुसती मोजणी वेगळी, हे सांगणं रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही अवघड जातं.