बारीक माणसाला फॅटी लिव्हर कसं होतं?

तुमचा प्रश्न असा : वजन ५८ किलो, दारूला कधी हात लावलेला नाही, तरी सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' (लिव्हरमध्ये चरबी साठण्याची पहिली पायरी) कसं आलं, आणि शुगरशी त्याचा काय संबंध?

तीन वर्षांपूर्वी माझाही रिपोर्ट असाच आला. पोटावर जेल लावून डॉक्टर प्रोब फिरवत होते. उजव्या बरगडीखाली थांबून म्हणाले, "लिव्हर ब्राइट दिसतंय. ड्रिंक्स घेता?" नाही म्हटलं, तरी पुन्हा विचारलं. ते दुसऱ्यांदा विचारणं मला फार लागलं, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. घरी आईने वरणभातावरचं तूप बंद केलं. भात तेवढाच राहिला.

मला पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे जेराल्ड शुलमन यांच्या संशोधनात आहे. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवायचं आणि सुई न खुपसता त्याच्या स्नायूत, लिव्हरमध्ये किती ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) आणि किती चरबी आहे ते मोजायचं, असं त्यांचं काम. २००६ साली त्यांच्या गटाने तरुण, सडपातळ, सिगारेट न ओढणारे पुरुष तपासले. भारतीय वंशाच्या पुरुषांच्या लिव्हरमध्ये गोऱ्यांच्या साधारण दुप्पट चरबी निघाली. म्हणजे तुम्ही-मी काही जगावेगळे नाही.

गडबड सुरू होते ती स्नायूंत. जेवणानंतर रक्तातली साखर इन्सुलिनमुळे स्नायूंत शिरते आणि तिथे ग्लायकोजेन म्हणून साठते. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की ती साखर लिव्हरकडे वळते आणि तिथे तिची चरबी बनते. २००७ साली याच गटाने हे सडपातळ तरुणांमध्येच दाखवलं. (लिव्हरमधली सगळी चरबी अशी बनत नाही. बरीचशी अंगावरच्या चरबीतून रक्तावाटेही येते.)

आता शुगरचं. शुलमन यांची मांडणी अशी की लिव्हरच्या पेशीत चरबी वाढली की डायॲसिलग्लिसेरॉल नावाचा घटक साठतो आणि इन्सुलिनचा निरोप तिथेच अडतो. मग इन्सुलिन 'पुरे' म्हणत असतानाही लिव्हर साखर बनवतच राहतं. रात्री आठनंतर काही न खाताही सकाळी माझी फास्टिंग शुगर (उपाशीपोटीची साखर) १०८ का यायची, ते तेव्हा कळलं.

मला सगळ्यात धीर आला तो त्यांच्या २०११ च्या प्रयोगाने. स्नायू इन्सुलिनला दाद न देणाऱ्या अशाच सडपातळ तरुणांकडून एकदाच ४५ मिनिटं व्यायाम करून घेतला. त्यानंतरच्या जेवणातली साखर स्नायूंनी जवळपास तिप्पट साठवली आणि लिव्हरमध्ये नवी चरबी बनणं सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. वजन घटायची वाटही पाहावी लागली नाही!

म्हणून तुमच्यासारख्या बारीक माणसाने उपाशी राहू नये, असं मला मनापासून वाटतं. मी भात निम्म्यावर आणला, उसळ वाढवली, चहातली साखर सोडली आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी पाऊण तास चढाच्या रस्त्याने चालतो. तूप चमचाभर पुन्हा सुरू केलंय. वर्षभरात माझी फास्टिंग ९४ वर आली.

तुम्ही एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) करून रिपोर्ट फिजिशियनना दाखवा. घरात कुणाला डायबेटिस असेल तर तेही आधीच सांगा, आणि काही औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या.