रिटायर झाल्यावर परत घुमट

प्रश्न : मी ५७ वर्षांचा, गोव्यात कुंडईला कारखान्यात सुपरवायझर, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. लहानपणी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्यांना घुमट, म्हणजे तोंडाला कातडं लावलेलं मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवायचो, मग शिफ्टमध्ये सगळं सुटलं. आता जमेल का?

उत्तर : अहो दादा, जमणारच! रिटायरमेंटची वाट बघूच नका, आणि नवीन घेताना बकऱ्याच्या कातड्याचं घ्या कारण घोरपडीचं आता बेकायदा आहे, आवाज जरा वेगळा वाटेल पण उन्हात थोडं तापवलं ना की मस्त बोलतं. मडक्याचं मागचं छोटं तोंड तळव्याने झाकायचं-उघडायचं, महिनाभर तेवढंच करा, खरी गोडी तिथंच आहे. पैशाचं म्हणाल तर फंड मिळाल्यापासून ३ महिन्यांत सीनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांची सरकारी बचत योजना) टाका, ५८ लाही चालतं, दर तिमाहीला व्याज येतं.