बोअरचे पाणी बिघडले, मुदतही गेली?

अक्कलकोट रस्ता एमआयडीसीजवळच्या एका सोसायटीचे सचिव लिहितात: बोअरचे पाणी खारट आणि रंगीत येते, शेजारच्या डाइंग युनिटचे (कापड रंगवण्याच्या कारखान्याचे) सांडपाणी मुरत असल्याचा संशय आहे, मार्च 2024 चा तपासणी अहवाल फाइलला आहे. हरित न्यायाधिकरणात जाता येईल का? अशी पत्रे सारखी येतात, आणि बहुतेकांत अहवाल असाच फाइलला पडून असतो.

जाता येईल, पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 14 खाली नाही. तिथे वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने, आणि पुरेसे कारण दाखवल्यास जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. ही मुदत नोव्हेंबर 2024 मध्येच संपली असे समोरचा वकील तुमच्याच अहवालावरून दाखवेल. प्रदूषण रोज चालू आहे म्हणून कारण रोज नवे, हा युक्तिवाद करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

अर्ज कलम 15 खाली, भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी करा. तिथे 5 वर्षे आहेत. भरपाई मागितली की रकमेच्या 1 टक्का, किमान 1000 रुपये शुल्क पडते. खंडपीठ पुण्यात आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. एका बोअरचा एकच अहवाल म्हणजे काहीच नाही. 'तुमच्याच सेप्टिक टँकचे पाणी मुरले' हा बचाव ठरलेला असतो. म्हणून जमिनीच्या उताराप्रमाणे युनिटच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंच्या बोअरचे नमुने एकाच दिवशी घ्या. डाइंगमध्ये मीठ भरपूर लागते, त्यामुळे खालच्या बाजूलाच टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि क्लोराइड चढले तर बोट युनिटकडे जाते. नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर आणि सोबत ई-कोलाय (मैल्यातले जिवाणू) निघाले, तर आधी स्वतःची टाकी तपासा. पाण्याच्या जडपणावर (हार्डनेस) भर देऊ नका. आपल्या काळ्या पाषाणातले पाणी मुळातच जड असते.

पंप चांगला चालवून मगच बाटली भरा. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. युनिटच्या नाल्याचा नमुना मात्र स्वतः घेऊ नका. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने जल कायदा, 1974 च्या कलम 21 प्रमाणे घ्यावा लागतो. त्यासाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या तक्रारींनी मंडळ हलत नाही.

हे पाणी उकळून पिऊ नका. उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. पिण्यासाठी महापालिकेचेच पाणी वापरा आणि तशी सूचना आजच जिन्यात लावा.