सेमिनारसाठी नववास्तववाद तपासायचा, तर पॉपर, कून की लाकातोश?

एमएच्या सेमिनारसाठी नववास्तववाद (राज्यांचं वागणं त्यांच्यातल्या सत्तेच्या वाटणीवरून समजावणारा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धांत) विज्ञानाच्या कसोटीवर कसा तपासायचा, असं तुम्ही विचारलंय. विज्ञान कशाला म्हणायचं, हे सांगणाऱ्या या तीन तत्त्वज्ञांपैकी मी लाकातोश घेईन. का, ते माझ्या फजितीवरून सांगतो.

शिवाजी विद्यापीठात असताना माझा सेमिनार सत्तासमतोलावर, म्हणजे बलवानाविरुद्ध बाकीचे एकत्र येतात या कल्पनेवर होता. आपण कोल्हापूरचे, म्हणून उदाहरण घरचंच घेतलं. साताऱ्याचे शाहू महाराज वरचढ होऊ लागले, तेव्हा कोल्हापूरच्या संभाजीराजांनी निजामाशी हातमिळवणी केली. दुबळ्यानं बलवानाविरुद्ध जोडीदार शोधला, म्हणजे समतोल! पुढे १७२८ साली पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडीत पकडलं आणि १७३१ साली संभाजीराजांनी शाहूंशी वारणेचा तह केला. तेही मी बसवलं : आता बलवानाशी जुळवून घेणंच हिताचं. सरांनी एवढंच विचारलं, "तह झाला नसता, तर तुझा सिद्धांत चुकला असता का?" मी गप्प.

पॉपर म्हणतो, जो सिद्धांत चुकूच शकत नाही, तो विज्ञान नव्हे. तो सरळ लावला तर एका उलट्या घटनेत खेळ खल्लास, पण मग न्यूटनसुद्धा टिकत नाही. युरेनस हिशेबाप्रमाणे चालेना, तेव्हा न्यूटनला कुणी टाकून दिलं नाही. न दिसलेला ग्रह गृहीत धरला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधासाठी हीच युक्ती केली, तर कल्पिलेला व्हल्कन कधी दिसलाच नाही. लाकातोशचं म्हणणं असं, की सिद्धांताला ठिगळ लावायला हरकत नाही, पण त्या ठिगळातून नवं, तपासता येण्याजोगं काही निघतंय का, ते बघा. (कून सोडा. त्याचा भर पॅराडाइमवर, म्हणजे सगळ्या अभ्यासकांनी मानलेल्या विचारचौकटीवर. आपल्या विषयात एकच पॅराडाइम सगळ्यांनी मानलाय, असं झालंय कधी?)

वास्तववादी नुसती ठिगळं लावत जातात, नवं काही निघत नाही, असा आरोप व्हास्केझ या अभ्यासकानं १९९७ मध्ये केला. नववास्तववाद मांडणारा वॉल्ट्झ १९७९ मध्ये म्हणतो, सत्तेविरुद्ध समतोल होतो. त्याच पठडीतला वॉल्ट १९८७ मध्ये म्हणतो, सत्तेविरुद्ध नव्हे, धोक्याविरुद्ध. आणखी एक वास्तववादी श्वेलर १९९४ मध्ये म्हणतो, लाभ दिसला तर राज्यं बलवानाच्याच मागे जातात. म्हणजे काहीही घडलं तरी वास्तववाद बरोबर! मला हा आरोप बराचसा पटतो, पण वॉल्टवर तो अन्याय आहे. जवळीक, आक्रमक ताकद, हेतू हे त्याचे निकष आधीच ठरलेले आहेत. शीतयुद्धात पश्चिम युरोप सोव्हिएत संघापेक्षा जास्त ताकदवान अमेरिकेविरुद्ध न जाता तिच्याच बाजूला का गेला, हे त्यातून सुटतं. वॉल्ट्झची बाजूही मांडा : आपला सिद्धांत एकेका देशाचं परराष्ट्रधोरण सांगायला नाहीच, असं तो म्हणतो. मला ती पळवाट वाटते.

सेमिनारला नाटोचं उदाहरण घ्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर समतोल साधायला समोर कुणी उरलं नाही, तेव्हा नाटो या लष्करी आघाडीची वर्षं आता मोजकीच उरलीत, असं वॉल्ट्झनं १९९३ मध्ये लिहिलं. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक तिच्यात आले. २००० मध्ये त्यानं सांगितलं, नाटो टिकली ती अमेरिकेला टिकवायची होती म्हणून. तो लेख उघडण्याआधी, काय घडलं असतं तर हे स्पष्टीकरण चुकलं असतं, ते कागदावर लिहून ठेवा. आधी वाचलात तर सगळं पटत जातं. माझं तसंच झालं होतं.