क्रॉनमधून मेल जात नाही: ‘सुटला’ आणि ‘पोचला’ यांतील फरक

शहाद्याच्या भाऊंनी लिहिले आहे की पतसंस्थेच्या रोजकीर्दीचा गोषवारा त्यांचा पायथन भाषेतील प्रोग्राम सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या बाहेरच्या आज्ञेमार्फत पाठवतो. टर्मिनलवर हाताने चालवला की मेल येतो, रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीने) चालवला की येत नाही आणि चूकही कुठे दिसत नाही. हे वाचून मला जळगावजवळच्या एका जिनिंगमधील माझा एक हंगाम आठवला, म्हणून सविस्तर लिहितो. मी डेबियन लिनक्सवर शिकत शिकत काम केलेला माणूस आहे, सिस्टिम अ‍ॅडमिन नव्हे. आपल्या यंत्रावर एखादी गोष्ट निराळी असू शकेल.

दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू झाली तेव्हा शेठजींना रोज संध्याकाळी त्या दिवशी दाबलेल्या गाठी, शिल्लक सरकी आणि लॉटचे तपासणी निकाल खरेदीदारांना व दलालांना मेलने जायला हवे होते. मी मेल रांगेत घेऊन पुढे पोचवणारे पोस्टफिक्स बसवले, प्रोग्राममधून सेंडमेलला हाक मारली, एक्झिट कोड (आज्ञा संपताना देते तो आकडा) शून्य, म्हणजे ‘ठीक’, आला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘अहवाल पाठवला’ असे दाखवले आणि चाचणी म्हणून त्याच यंत्रावरच्या माझ्याच खात्याला एक मेल पाठवून पाहिला. तो क्षणात आला. अकराव्या दिवशी धुळ्याच्या दलालांचा फोन आला, “भाऊ, तुमना मेल काही उना नही.” तोवर एका खरेदीदाराने आमचे तपासणी निकाल हाती नाहीत म्हणून शंभर गाठींचा माल दुसरीकडून उचललेला होता. एक गाठ 170 किलोची, म्हणजे किती रुई हातची गेली याचा हिशोब शेठजींनी मला तोंडी करायला लावला.

झाले होते असे. सेंडमेल आज्ञेचा शून्य म्हणजे कार्यालयातला जावक क्रमांक; ती पोच नव्हे. पोस्टफिक्सने मेल आपल्या रांगेत घेतला की आज्ञा शून्य देऊन मोकळी होते आणि पुढे तो बाहेर गेला की नाही याच्याशी आपल्या प्रोग्रामचा संबंध उरत नाही. आमच्या इंटरनेट सेवा देणाऱ्याने बाहेर जाणारा 25 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जाण्याचा दरवाजा, बंद ठेवलेला होता. पोस्टफिक्स बिचारे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते आणि मूळ मांडणीप्रमाणे 5 दिवसांनी थकून मेल परत पाठवत होते. उशीर होतो आहे अशी मधली सूचना ते आपण सांगितल्याशिवाय देत नाही. परत आलेला मेल मात्र पत्रातील पत्त्यावर येत नाही, पाकिटावरच्या, म्हणजे मेल सर्व्हर आपसांत वापरतात त्या, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर येतो, आणि तो पत्ता मी दिलेलाच नसल्यामुळे पोस्टफिक्सने स्वतःहून माझे खाते आणि यंत्राचे नाव जोडून घातला होता. सगळे परतीचे मेल त्यामुळे त्याच यंत्रावरच्या माझ्या पेटीत साठत होते. सहाव्या दिवसापासून मी टर्मिनल उघडले की ‘यू हॅव न्यू मेल’ अशी ओळ येत होती. मी ती रोज वाचत होतो आणि लिनक्सचा नमस्कार समजून पुढे जात होतो.

सेवा देणाऱ्या कार्यालयाबद्दल थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. मी सात वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येक वेळी मॉडेम बंद करून चालू करण्याचा सल्ला, आणि शेवटी “स्पीड तर चांगली येते आहे ना?” रांग दाखवणाऱ्या मेलक्यू आज्ञेत प्रत्येक मेलखाली ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ लिहिलेले मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद करण्यात आली. संसर्ग झालेल्या संगणकांतून स्पॅमचा पूर येऊ नये म्हणून हा पोर्ट अनेक सेवादार बंद ठेवतात आणि ते योग्यही आहे. पण आम्ही तो बंद ठेवला आहे, एवढे एक वाक्य कुणी बोलले असते तर माझे दोन आठवडे वाचले असते. पोस्टफिक्सला रिलेहोस्ट (आपला मेल पुढे नेणारा सर्व्हर) म्हणून आमच्या मेलसेवेचा 587 क्रमांकाचा पोर्ट, खातेनाव आणि पासवर्ड दिला, तेव्हा साठलेली रांग दहा मिनिटांत रिकामी झाली.

भाऊ, आता आपल्या अडचणीकडे येतो. आपल्या क्रॉनच्या ओळीच्या शेवटी सगळे उत्पादन (प्रोग्राम पडद्यावर लिहितो ते) डेव्ह-नलमध्ये, म्हणजे पडलेले सगळे नाहीसे होते तिथे, ढकललेले दिसते. ते आधी काढावे. क्रॉन आपल्या कामाचे उत्पादन आणि चुका स्वतःच मेल करतो, आणि मेलटू हा चल (हा मेल कुणाला जावा हे सांगणारा) दिलेला नसेल तर तो मेल ज्याचा क्रॉन त्याच्याच स्थानिक पेटीत पडतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच यंत्रावर पडून राहावे अशी व्यवस्था आपण या शेवटच्या तुकड्याने मोडून ठेवली आहे. माझा अंदाज असा की तिथे ‘आज्ञा सापडली नाही’ असे दिसेल, कारण डेबियनवर क्रॉनच्या शोधमार्गात (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) साधारणपणे यूएसआर-बिन आणि बिन एवढेच असतात, तर सेंडमेल यूएसआर-एसबिनमध्ये असते. आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा.

पाठोपाठ पाकिटावरचा पत्ता. सेंडमेलला डॅश एफ हा पर्याय लावून रोज कुणीतरी खरोखर उघडतो असाच पत्ता द्यावा. माझ्या मते प्रोग्राममधून मेल पाठवणाऱ्याने दुसरे काही केले नाही तरी हे करावे. डॅश टी (मेल कुणाला जायचा ते पत्ते मजकुरातूनच घेणारा) आणि डॅश आय हेही लावावेत. डॅश आय नसताना ओळीत एकटा पूर्णविराम आला की मेल तिथेच संपतो. माझ्या अहवालात रिकामा रकाना मी नेमका तसाच दाखवत असे, त्यामुळे सरकीचा अर्धा तक्ता गायब होत होता.

आज्ञा शेलमार्फत (टर्मिनलमधील ओळी वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत) चालवू नये. पायथनच्या सबप्रोसेसला आज्ञेच्या तुकड्यांची यादी द्यावी, मजकूर इनपुट म्हणून द्यावा आणि वेळेची मर्यादा घालावी. आमच्या एका खरेदीदार पेढीच्या नावात ‘&’ हे चिन्ह होते. शेलने ते पाहून आज्ञा तिथेच तोडली, पहिला तुकडा मागे चालत ठेवला आणि उरलेल्या नावाला स्वतंत्र आज्ञा समजून शोधू लागला. पतसंस्थेत तर सभासदांची नावे माणसे टाइप करतात, तिथे हा धोका फक्त गमतीचा राहत नाही.

कुणी सांगेल की बाहेरची आज्ञा सोडा, पायथनचीच एसएमटीपी (मेल सर्व्हरशी थेट बोलणारी) लायब्ररी वापरा. चुकीचे नाही, पण आपल्याकडे वीज आणि लाइन दोन्ही लहरी असतात, आणि रांग धरून पुन्हा प्रयत्न करणारे पोस्टफिक्स मला त्यामुळे सोडवत नाही. दोष शोधण्यापुरते मात्र एमएसएमटीपी हे मेल पाठवणारे छोटे साधन बसवून पाहावे. ते रांग ठेवत नाही, थेट बोलते, आणि अपयश आले तर लगेच शून्येतर कोड देते. 75 म्हणजे तात्पुरती अडचण, नंतर पुन्हा पाहा. त्याची मांडणी फाइल 600 परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) असावी आणि क्रॉनमध्ये तिचा पूर्ण मार्ग द्यावा, कारण रूटच्या (यंत्राच्या मुख्य खात्याच्या) क्रॉनला आपले घर म्हणजे रूटचे घर वाटते. जीमेलचे व्यक्तिगत खाते असेल तर नेहमीचा पासवर्ड 2022 च्या 30 मेपासून असा वापरता येत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा.

विषय मराठीत असेल तर हाताने बेस64 (मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत बदलणे) करत बसू नये. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते आणि विषयातल्या असे बदललेल्या एका तुकड्याला 75 अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे फार तर 15 चिन्हे. मी लांब विषय मोजून कापला तेव्हा एक अक्षर मधोमध तुटून खरेदीदाराला ‘गाठी’ऐवजी प्रश्नचिन्हे दिसली. पायथनचा ईमेलमेसेज हे काम बिनचूक करतो.

आज रात्रीचा क्रॉन झाला की व्हार-मेल या फोल्डरमधील आपली पेटी उघडावी आणि तिच्यातील शेवटची चूक, खातेनावे व पासवर्ड झाकून, इथे टाकावी. रविवारी मी अमळनेरला आहे, संध्याकाळी परतल्यावर पाहतो.