ग्लिप्टोडॉन कासवासारखं डोकं कवचात ओढून घेत असे का?

नाही, या नामशेष झालेल्या कवचधारी सस्तन प्राण्याला डोकं आत घेता येत नव्हतं. डोक्यावर हाडाची वेगळी टोपी होती आणि डोक्याचं रक्षण तीच करायची. कासवाचं कवच बरगड्या आणि कण्यापासून बनतं. ग्लिप्टोडॉनचं मात्र कातडीत तयार झालेल्या, सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीच्या हजाराहून अधिक हाडांच्या चकत्या घट्ट जुळून झालेलं. आर्माडिलो या आजच्या कवचधारी सस्तन प्राण्याच्या कवचात मधे हलणारे पट्टे असतात, तीन पट्ट्यांचा आर्माडिलो तर पूर्ण चेंडू होतो. ग्लिप्टोडॉनला तसे पट्टे नसल्यामुळे गुंडाळून घेणंही अशक्यच. तरी नातं आर्माडिलोशीच: ग्लिप्टोडॉनच्याच कुळातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या डोएडिक्युरसच्या कवचातल्या डीएनएवरून २०१६ मध्ये ते पक्कं झालं. फक्त एक गल्लत टाळा. शेपटीच्या टोकाची काटेरी गदा डोएडिक्युरसची. खुद्द ग्लिप्टोडॉनच्या शेपटीला हाडांची कडी होती.