घणसोलीचा फ्लॅट विकण्याआधी बायॉप्सीचा रिपोर्ट काढा

ठाण्याच्या वर्तकनगरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. यजमान ५८ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज, लिव्हरमध्ये दोन गाठी. आतड्याचं ऑपरेशन झालं, त्यात १० लाखांच्या मेडिक्लेमपैकी ४ लाख संपले. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले: नुसती केमो, दर तीन आठवड्यांनी साधारण २५ हजार, केमोसोबत टार्गेटेड औषध (कॅन्सरच्या पेशींवर नेम धरणारं), ७० हजार, किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध), दर डोसला साडेतीन लाख. मुलाला इम्युनोथेरपीच हवी आहे, ‘बाबा पूर्ण बरे होतील’ म्हणून. यजमानांच्या नावावरचा घणसोलीचा वन बीएचके विकावा की त्यावर कर्ज काढावं, असा प्रश्न आहे. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘पैसे खर्च होऊन जाऊ नयेत म्हणून मोडलेल्या २४ लाखांच्या एफडीतून बँकेतल्या मॅडमनी गेल्याच आठवड्यात माझ्या नावाने गॅरंटीड इन्कम पॉलिसी करून दिली, वर्षाला ६ लाख, १० वर्षं.’

ताई, फ्लॅटचं नंतर बोलू. आधी ही शेवटची ओळ.

घरात चौथ्या स्टेजचा पेशंट असताना दहा वर्षं दरसाल ६ लाख भरायची पॉलिसी विकणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही. हिशोब बघा. एकूण ६० लाख भरायचे. हातात उरले १८ लाख, म्हणजे उपचाराला एक रुपयाही न लावता पुढचे तीन हप्ते. चौथा कुठून आणणार? मध्येच हप्ता चुकला तर भरलेल्यातला मोठा हिस्सा बुडतो. आणि सगळे हप्ते भरलेच, तरी अशा योजनांचा खरा परतावा वर्षाला पाच-सहा टक्क्यांच्या आसपास पडतो. तेवढं एफडी देतच होती, आणि तीही हवी तेव्हा मोडता येणारी.

सुदैवाने अजून वेळ आहे. पॉलिसीचा कागद हातात पडला किंवा ई-मेलवर आला, त्या दिवसापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. स्टँप ड्यूटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं विमा-शुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज बँकेकडे नाही, थेट विमा कंपनीकडे करा: ई-मेलने, आणि शाखेत कागदावर देऊन पोच घ्या. बँकेतून फोन येईल, ‘मॅडम रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू’. ते ३० दिवस संपवायचंच तंत्र आहे. कंपनीने टोलवाटोलवी केली तर ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार, त्यानंतर विमा लोकपाल.

आता इम्युनोथेरपी. दर तीन आठवड्यांनी एक डोस म्हणजे वर्षाला १७. साडेतीन लाखांनी वर्षाचे ६० लाख झाले. हा उपचार चालला तर दोन वर्षांपर्यंत देतात, म्हणजे सव्वा कोटीच्या घरात. फ्लॅटचे खर्च-टॅक्स जाऊन हातात ५० लाख येतील असं धरलं, तर ते दहा महिन्यांत संपतात. पुढे काय, हे मुलाने विचारात घेतलेलं दिसत नाही.

पण त्याहून आधीचा प्रश्न असा की हे औषध तुमच्या यजमानांना लागू तरी पडेल का? त्याचं उत्तर एका तपासणीत आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. ऑपरेशननंतरच्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टचं, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या अहवालाचं, शेवटचं पान काढा. त्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ अशी चार नावं आहेत का बघा. ही एमएमआर तपासणी, म्हणजे पेशीतला डीएनए दुरुस्त करणारी प्रोटीन्स गाठीत शाबूत आहेत का ते बघणारी. यातलं एखादं प्रोटीन ‘लॉस’, म्हणजे नाहीसं झालेलं, असेल तर इम्युनोथेरपीला अर्थ आहे. चौथ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असे पेशंट शंभरात चार-पाच असतात, आणि त्यांच्यातही औषध सगळ्यांवर चालत नाही. चारही ‘रिटेन्ड’, म्हणजे शाबूत, असतील तर साडेतीन लाखांच्या डोसने नुसतं खातं रिकामं होईल. तपासणीला काही हजारच लागतात. झालेली नसेल तर ऑपरेशनच्या वेळचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ठेवलेला असतो. तो मागून घेता येतो, पुन्हा बायॉप्सी लागत नाही. त्याच ब्लॉकवर आरएएस आणि बीआरएएफ या जनुकांच्या तपासण्या करायला सांगा. टार्गेटेड औषध कुठलं द्यायचं हे त्यावर ठरतं. आरएएसमध्ये म्युटेशन (बिघाड) असेल तर सेटुक्सिमॅब या टार्गेटेड औषधावर खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा लिव्हरमधल्या दोन गाठींचा. गाठी थोड्या आणि सोयीच्या जागी असतील तर केमोनंतर ऑपरेशनने काढता येतात, आणि चौथ्या स्टेजमध्ये पूर्ण बरं होण्याची जी थोडी शक्यता असते ती बहुतेक याच वाटेवर असते. हे लिव्हरच्या सर्जनने स्कॅन बघून सांगायचं असतं. एकाच डॉक्टरांच्या शब्दावर घर विकू नका. टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र खारघरला आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने थेट खारघर. ब्लॉक, स्लाइड्स आणि सीटीची सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

समजा केमो आणि टार्गेटेड औषधच ठरलं. सहा महिन्यांत आठ सायकल, ७० हजारांनी साडेपाच-सहा लाख. मेडिक्लेममध्ये ६ लाख शिल्लक आहेत. केमोला २४ तास ॲडमिट असण्याची अट नसते, डे-केअरमध्ये बसते. फक्त पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ या मथळ्याखाली तोंडी केमो आणि इम्युनोथेरपीवर वेगळी मर्यादा आहे का ते वाचा. रिन्यूअलला १० लाख पुन्हा पूर्ण होतात, आणि क्लेम झाला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही. तारीख मात्र चुकवायची नाही. ग्रेस पिरियड, म्हणजे तारखेनंतरची सवलतीची मुदत, असला तरी वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या दिवसांतला खर्च मिळत नाही. जुनी सोडून मोठी नवी घ्या असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रेशन कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात, ठरलेल्या पॅकेजपुरते आणि यादीतल्या हॉस्पिटलात.

एमएमआर तपासणी इम्युनोथेरपीला अनुकूल आलीच, तरी दोन वर्षांचे पैसे एकदम उभे करायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो आणि औषध चालतंय की नाही ते कळतं. म्हणजे चार डोस, १४ लाख. ते तुमच्या १८ लाखांत बसतात. काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत, अशी योजना औषध कंपन्या राबवतात. त्याचा आकडा हॉस्पिटलकडून लेखी मागा. स्कॅन चांगला आला तर त्यानंतर फ्लॅट विकायला काढा. आणि औषध चाललं नाही तर कुठे थांबायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, यजमानांसमोर. पैसे त्यांचेही आहेत.

कर्ज काढू नका. भाड्यात हप्ता निघणार नाही. विक्रीची तयारी मात्र आजपासून करा: सोसायटीची एनओसी, सिडकोची ट्रान्सफर परवानगी, मूळ करारनामा. फ्लॅट एकट्या यजमानांच्या नावावर आहे आणि मुखत्यारपत्र माणूस गेला की त्याच क्षणी संपतं, म्हणून ते करून निश्चिंत राहू नका. यजमान सही करण्याच्या स्थितीत आहेत तोवर नोंदणीकृत बक्षीसपत्राने घर तुमच्या नावावर करून घ्या. पती-पत्नीत राहत्या प्रकारच्या घराला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि सिडकोचं शुल्क वेगळं. निदान मृत्युपत्र तरी नोंदवा. बँकेचं खातं एकट्याच्या नावाने असेल तर ते या आठवड्यातच जॉइंट करा, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं. पॉलिसी रद्दचा ई-मेल मात्र आज रात्रीच जाऊ द्या.